दहिसर नदीतली होडी

चिंदरकर सरांच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेसाठी माझे ‘दोन गौरवपर शब्द’ हवेत, असा निरोप घेऊन परवा एक टक्कल पडलेला गृहस्थ माझ्याकडे आला. तो दहावी ‘क’ मधला होता म्हणे. मी त्याला चहा दिला, लिहून देते म्हटलं आणि तो गेल्यावर खरंच लिहायला बसले. पहिला शब्द लगेच सुचला: टापटीप. दुसरा काही केल्या सुचेना. जेवण झालं, भांडी झाली, तरी सुचेना. तेव्हा गौरव राहू दे, मला जे चिंदरकर माहीत आहेत ते लिहून काढते. पुस्तिकेत हे छापणार नाहीत. न छापोत.

गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. पण चिंदरकर जिवंत असतानाही मी त्यांच्याविषयी हेच बोलत होते, आणि त्यातलं बरंचसं त्यांच्या तोंडावर. आता सूर बदलला तर तो माझाच खोटेपणा होईल.

बोरिवलीच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या समोरासमोर होत्या, हे माझं नशीब. उंच, गोरे, केस तेल लावून मागे वळवलेले, आणि गळ्यात, मार्च असो की मे, एक मरून रंगाचा रेशमी रुमाल. कलावंत लांबून ओळखू यावा म्हणून. तो रुमाल काढला असता तर ते बँकेतले हेड कॅशियर वाटले असते, आणि खरं सांगायचं तर ते काम त्यांना झकास जमलं असतं. त्यांच्या बोटाला रंगाचा डाग मी कधी पाहिला नाही. फळ्यावर खडूने एक सफरचंद काढलं की लगेच नळावर जाऊन हात धुवायचे. बूट असे चकचकीत, की वर्गात ते रांगेतून फिरायला लागले म्हणजे मुली खाली बघून वेणी नीट करायच्या.

स्वतःचे रंग त्यांनी कधी वापरले नाहीत. ‘तुझा कोबाल्ट निळा बघू’ म्हणायचे आणि पोरांच्या पेटीत सरळ ब्रश बुडवायचे. ज्याच्या घरी रंगाची एक ट्यूब वर्षभर पुरवायची असते त्याचा जीव तिथे किती तुटतो, हे कळायला समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. चिंदरकर फक्त कागदाकडे बघायचे. डबाही तसाच. बायको मधुमेहामुळे गोड करत नाही, या सबबीवर सगळ्या स्टाफरूमच्या डब्यांतलं गोड ते चाखत, आणि वर ‘साखर जरा पुढे गेली’ असं सांगत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. ‘निसर्ग कच्चा असतो, बाई. तो आपण शिजवायचा.’

‘तुम्ही करपवता, चिंदरकर,’ मी एकदा म्हटलं.

ते खूप हसले. ‘पाटकरबाई म्हणजे पाटकरबाई,’ असं म्हणून त्यांनी माझ्या डब्यातली नारळाची वडी उचलली. माझं बोलणं ते विनोदच समजत. कोणी आपला मनापासून तिटकारा करू शकतं, हे त्यांच्या डोक्यात येतच नसे.

थंडी ओसरली की त्यांचा ‘नदीवर्ग’ सुरू व्हायचा. शिवरात्रीपासून पाडव्यापर्यंतचे रविवार, दहिसर नदीच्या काठावर, सकाळी. शाळेतली चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी मुलं आणि दहावी होऊन गेलेली, पुढे कला महाविद्यालयात जायची इच्छा असलेली काही जण. मुली असतात म्हणून बरोबर एक शिक्षिका हवी, असं मुख्याध्यापकांनी काढलं. माझं घर नदीपासून सगळ्यांत जवळ आणि घरी मला अडवायला कोणी नाही, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी एका करंजाखाली सतरंजी टाकून चाचणीचे पेपर तपासत बसायची. चिंदरकर आपलं घडीचं स्टूल उघडून तिथल्या एकुलत्या एक दाट सावलीत बसायचे.

ती नदी मला आवडायची, हे आधीच सांगून टाकते. नदी म्हणजे फार काही नव्हतं. पावसाळ्यात चार दिवस दांडगाई करायची आणि फाल्गुन येईतो गोट्यांमधून घोट्याएवढं पाणी उरायचं. नॅशनल पार्कच्या बाजूने यायचं म्हणून तेव्हा ते स्वच्छ असायचं. वळणावर एक डोह होता, तिथे गुडघाभर. पलीकडच्या काठावर तबेला, त्याला लागून ताडपत्रीची चार खोपटी, खडकांवर वाळत घातलेल्या रंगीबेरंगी गोधड्या. आणि या सगळ्याच्या डोक्यावर पांगारा नुसता पेटलेला. सावरीची जाड लाल फुलं मध्येच धप्प करून पाण्यात पडायची आणि गोल फिरत निघून जायची. मी पेपर बाजूला ठेवून तेच बघत बसायची.

मुलं हे सगळं काढायची. कोणाला जमायचं, कोणाला नाही, पण काढायची. मग ऊन डोक्यावर यायला लागलं की चिंदरकर स्टुलावरून उठून टाळी वाजवायचे. ‘फिनिशिंग!’

ही त्या वर्गाची रीतच होती. टाळी वाजली की प्रत्येकाने ब्रश खाली ठेवायचा आणि आपल्या चित्रापासून दोन पावलं मागे उभं राहायचं. मग सर एकेका कागदापाशी जाऊन ‘हात फिरवायचे’. सरांचा हात लागला म्हणजे चित्र पूर्ण झालं. हात फिरवून झाला की मुलाने ‘थँक यू सर’ म्हणायचं. मी दरवेळी बघायची. पांगाऱ्याचा लाल ‘भडक दिसतो’ म्हणून त्यावर हिरवा. खोपटी ‘शोभत नाहीत’ म्हणून त्यांची झुडपं. गोधड्या तर साफ पुसलेल्या. आणि सरतेशेवटी, कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, एक होडी. शिडाची. प्रत्येक कागदावर, त्याच कोपऱ्यात, तशीच कललेली.

पहिल्या वर्षी मला राहवलं नाही. मी उठून गेले.

‘अहो चिंदरकर, या नदीत होडी कुठे आहे?’

‘नदी आहे ना, बाई? मग होडी आली.’

‘घोट्याएवढ्या पाण्यात? ती चालणार कशी?’

‘चित्रातली होडी चालवायची नसते. दाखवायची असते.’

आता न्यायाने बोलायचं तर ती होडी फार सुंदर होती. ब्रशचे तीन फटकारे. एकात शीड, एकात खालची कमान, आणि तिसरा जरा थरथरवून पाण्यातलं प्रतिबिंब. या माणसाला आयुष्यात एवढी एकच गोष्ट काढता येत होती आणि ती तो डोळे मिटून काढू शकत होता. एका स्नेहसंमेलनाला त्यांनी भाषणात सांगितलं होतं, की मालवणकडे त्यांच्या आजोळी खाडी आहे, मामाची होडी होती आणि लहानपणी ते मे महिनाभर त्या होडीतच झोपायचे. हे ऐकून मला त्यांच्याविषयी थोडा कळवळा वाटायला हवा होता. नाही वाटला. मामाची होडी एवढी आवडते तर आपल्या कागदावर काढावी. वर्गभर पोरांच्या नदीत ती ढकलायची कशाला? पण आपल्या कागदावर ते काढतच नसत. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांचं एक जुनं चित्र होतं, ‘दहिसर नदी, प्रभात’. त्यात होडी होती, माड होते, दहिसर नदी तेवढी नव्हती.

एका रविवारी त्यांनी सगळ्यांना डोहासमोर बसवलं. रचना समजावून दिली, डोळ्यांसमोर बोटांची चौकट धरून दाखवली, आणि तेवढ्यात पलीकडच्या तबेल्यातून म्हशी उतरल्या. आरामात, एकामागून एक, थेट चौकटीच्या मधोमध येऊन पाण्यात बसल्या. चिंदरकरांची शुद्ध भाषा रागात त्यांना सोडून जायची.

‘ह्यो म्हशी खंयसून इल्यो?’ असं ओरडत ते छत्री घेऊन काठावर धावले. ‘हाट्! हाट्!’

तबेल्यातला भय्या पलीकडे दात घासत उभा होता. ‘मास्टरजी, ये इनका टाइम है,’ तो म्हणाला. ‘तुम थोड़ा बाद में बनाओ.’

एका म्हशीने नुसता कान झटकला आणि सरांच्या इस्त्रीच्या बुशशर्टवर चिखलाचे शिंतोडे उडाले. मुलं हसली. मी सगळ्यांत मोठ्याने हसले, ते त्यांनी पाहिलं. मग त्यांनी वर्ग वरच्या अंगाला हलवला. सगळे कागद लावलेले आपापले फळे उचलून गेले. एकटी सुनंदा घाडी जागची हलली नाही.

सुनंदा आमच्याच शाळेची, दहावी होऊन गेलेली. काळी, किडकिडीत, दोन वेण्या, बोलणं अगदी बेतास बात. वडील, तात्या, गिरणीत होते. संप झाला तेव्हापासून तात्या घरीच बसून होते. चाळीतल्या खोलीत दिवसभर खाटेवर बसलेल्या माणसासमोर चित्र काढायचा कागद उघडायची सोय नव्हती, म्हणून ही पोरगी रविवारची वाट बघायची. तिला कला महाविद्यालयात जायचं होतं. प्रवेशाच्या मुलाखतीला बाहेर जागेवर बसून काढलेलं एक मोठं चित्र न्यावं लागे. ते आपल्यासमोर काढलं असं मागे लिहून शिक्षकाने सही करायची असे. तात्यांनी पहिल्यांदाच सांगून ठेवलं होतं, की प्रवेश मिळाला तर ठीक, नाहीतर कामाला लागायचं.

चित्रातलं मला फारसं कळत नाही. पण त्या दिवशी मी पाणी प्यायला उठले आणि तिच्या मागे जाऊन उभी राहिले ती तिथेच राहिले. तिने म्हशी काढल्या होत्या. पाण्याबाहेर नुसती डोकी, डोळे आणि नाकपुड्या. एकीच्या पाठीवर बगळा. वर पांगारा आहे तसा लाल, आणि त्याचा लाल म्हशींच्या ओल्या पाठींवर थोडा थोडा उतरलेला. उन्हात तापलेल्या अंगाला पाणी लागल्यावर कसं वाटत असेल, ते त्या म्हशींच्या डोळ्यांत होतं.

‘सुनंदा, छान झालंय गं.’

‘शेपट्या राहिल्यात, बाई.’

‘पाण्यात आहेत शेपट्या.’

ती हसली. तेवढ्यात टाळी वाजली.

चिंदरकर तिच्याकडे शेवटी आले. शिंतोडे अजून शर्टवर होते. कागदाकडे बघून त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या.

‘म्हशी? मुलाखतीला म्हशी घेऊन जाणार तू? शाळेचं नाव काय राहील?’

मग त्यांनी तिच्याच पेटीतला करडा कालवला आणि एकेका म्हशीचा खडक केला. आधी डोळे बुजवले, मग शिंगं. बगळ्याचा दगडावरचा पांढरा डाग झाला. पांगारा हिरवा झाला. सुनंदा रीतीप्रमाणे दोन पावलं मागे उभी होती, हात पाठीशी धरून. शेवटी त्या खडकांच्या समोर होडी आली. ‘हं, आता न्यायला हरकत नाही,’ सर म्हणाले आणि मागे सही केली.

‘थँक यू सर,’ सुनंदा म्हणाली.

तो कागद घेऊन ती मुलाखतीला गेली. आमच्या नदीवर्गातले आणखीही काही जण गेले होते. परत आली ती सरळ माझ्या घरी, आणि उंबऱ्यातच बसली.

‘बाई, त्यांनी सगळ्यांची चित्रं टेबलावर एका ओळीत मांडली. आपल्या सगळ्यांच्या चित्रात तीच होडी. त्याच कोपऱ्यात. एक मॅडम तर हसायलाच लागल्या. म्हणाल्या, ही होडी ज्याने काढली त्याला प्रवेश द्यायला पाहिजे. कोण आहे तो?’

‘मग?’

‘मग काय बाई, वाट लागली. म्हणाले, हे तुमच्या हातचं काम नाही.’

बाकीच्यांचं काही अडलं नाही. कोणी कॉमर्सला गेलं, कोणी वडिलांच्या दुकानात. सुनंदा अंधेरीला एमआयडीसीत लागली. औषधाच्या बाटल्या खोक्यात भरायच्या, दिवसभर उभ्याने.

मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर चिंदरकरांना हे सांगितलं. ते चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट तोंडात टाकून त्यांनी थोडा विचार केला.

‘होडी नीट वाळली नसेल,’ ते म्हणाले. ‘घाईने कागद गुंडाळतात ही पोरं.’

‘चिंदरकर, त्या मुलीचं वर्ष गेलं. तुमच्यामुळे.’

‘माझ्यामुळे? बाई, तिला हात नाही. हात माझा होता, म्हणून ती तिथवर तरी पोचली.’

त्यावर मी जे बोलले ते शाळेच्या स्टाफरूममध्ये बोलण्यासारखं नव्हतं. भूगोलाच्या सरांनी उठून दार लावून घेतलं. चिंदरकरांनी दुसरं बिस्किट बुडवलं. मला वाटतं त्या दिवसापासून मी त्यांना नावाने हाक मारायचं सोडलं. नुसतं ‘अहो’ म्हणायची.

पुढच्या वर्षी शिवरात्र झाली आणि सुनंदा पुन्हा रविवारी नदीवर दिसायला लागली. मी तात्यांना भेटायला चाळीत गेले. वाईट माणूस नव्हता. मला खाटेवर बसवून स्वतः जमिनीवर बसला.

‘बाई, यंदा काय ता बघूया,’ तात्या म्हणाले. ‘नाय झाला तर तिचा लगीन करून टाकतलंय. चित्रां काढून पोट भरता काय?’

सुनंदा मोरीपाशी उभी होती. मी निघाले तशी जिन्यापर्यंत सोडायला आली.

‘बाई, सही सरांचीच लागणार ना? पण हात नको. तुम्ही बोला ना त्यांच्याशी.’

‘तो बोलून ऐकणारा माणूस असता तर गेल्याच वर्षी ऐकलं असतं गं. तूच सांग.’

‘मी कशी सांगू? सर आहेत ते.’

कागद तिचा, रंग तिचे, आयुष्य तिचं, आणि ‘नको’ म्हणायची सोय नाही. असल्या माणसांचं सगळं राज्य याच्यावर चालतं, म्हणून मला ती माणसं सहन होत नाहीत.

पाडव्याच्या आधीचा शेवटचा रविवार होता. सुनंदा सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन डोहासमोर बसली होती. तिने पिवळा कुर्ता घातला होता. म्हशी आपल्या वेळेला उतरल्या. या वेळी चिंदरकरांनी त्यांना हाकलायची भानगड केली नाही. ते सावलीत बसून कोणाच्या तरी डब्यातला शिरा खात होते. मी पेपर तपासत होते असं म्हणायचं, पण त्या दिवशी मी एकही पेपर तपासला नाही.

टाळी वाजली. ‘फिनिशिंग!’

सगळे दोन पावलं मागे सरले. सुनंदा बसूनच राहिली. चिंदरकर एकेका कागदात होडी सोडत तिच्यापर्यंत आले. ब्रशला कुणाचातरी कोबाल्ट होता.

‘ऊठ.’

‘सर, याला नको.’

‘काय नको?’

‘हात.’

चिंदरकरांना आधी ऐकू आलंच नसावं. त्यांनी वाकून फळ्याची कड धरली. सुनंदाने झटक्यात फळा उचलला आणि छातीशी धरला. चित्र ओलं होतं, रंग कुर्त्याला लागले. सर पुढे झाले, ती मागे झाली. पुन्हा पुढे झाले, पुन्हा मागे. मागे नदी होती. ती चपलांसकट पाण्यात उतरली आणि पाठमोरी न होता, त्यांच्याकडेच बघत, गोट्यांवरून चाचपडत डोहाच्या मध्यापर्यंत गेली. गुडघाभर पाण्यात, म्हशींच्या मधोमध. एक म्हैस जरा सरकली आणि तिने तिला जागा करून दिली.

‘भायर ये!’ चिंदरकर ओरडले. ‘भायर ये म्हणतंय!’

ती नुसती मान हलवत होती.

आता सगळे सरांच्या पायांकडे बघायला लागले. ते अगदी कडेला उभे होते. बुटाच्या टोकापासून वितीवर पाणी. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, शेणाचा एक पो सावकाश तरंगत चालला होता त्याकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं. ज्या नदीच्या नावावर या माणसाने इतकी वर्षं मोठेपणा मिरवला त्या नदीत त्याने कधी पायसुद्धा घातलेला नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आणि तो आताही घालणार नव्हता. ब्रशमधला निळा ठिबकत होता.

‘ठीक आहे,’ ते शेवटी म्हणाले, पुन्हा शुद्ध भाषेत. ‘सही मिळणार नाही.’

त्यांनी जवळच्या एका मुलीच्या पाण्यात ब्रश टाकला, छत्री उघडली आणि निघून गेले. स्टूल तिथेच राहिलं. ते मी घरी नेलं. त्यांनी कधी मागितलं नाही, आणि मी दिलं नाही. अजून माझ्या बाल्कनीत आहे, तुळशीच्या कुंडीखाली.

सुनंदा बाहेर आली. फळा उलटा करून बघितला आणि तिला रडू फुटलं. डाव्या बाजूची एक म्हैस पार फिसकटली होती. पांगाऱ्याचा लाल आणि पाण्याचा करडा तिच्या कुर्त्यावर उतरला होता.

‘खराब झालं, बाई. सहीपण गेली.’

‘आण इकडे ते.’

कागद वाळल्यावर मी तो पालथा घातला आणि लिहिलं, की हे चित्र सदर विद्यार्थिनीने माझ्यासमोर, प्रत्यक्ष जागेवर काढलेलं आहे. खाली सही केली आणि सहीखाली ‘शिक्षिका’ लिहिलं. ती मी होतेच. माझ्यासमोर काढलेलंही होतं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, आणि आदल्या वर्षीच्या सहीबद्दल तेवढं कोणी म्हणून दाखवावं. चिंदरकरांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, मला बोलावणं आलं, मी जाऊन हेच सांगितलं. मुख्याध्यापकांनी वर भिंतीवरच्या ‘प्रभात’कडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि विषय संपवला.

मुलाखतीला त्याच मॅडम होत्या. त्यांनी कोपऱ्यातल्या फिसकटलेल्या म्हशीवर बोट ठेवून विचारलं, ‘हे काय झालंय?’

‘कुर्त्याला लागलं, मॅडम,’ सुनंदा म्हणाली.

‘मग कुर्तापण आणायचा ना.’

तिला प्रवेश मिळाला. सांगायला तात्या स्वतः माझ्याकडे आले. खुर्चीच्या कडेवर बसले आणि जाताना दारात हात जोडले.

आणि चिंदरकर? दुसऱ्या दिवशी चिंदरकरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. ‘आपली विद्यार्थिनी,’ ते प्रत्येकाला सांगत होते. ‘माझ्या हाताखाली तयार झाली.’ माझ्यासमोर खोका धरताना त्यांच्या चेहऱ्यावर लाज सोडाच, अडखळणंही नव्हतं. त्यांचा स्वतःच्या बोलण्यावर खरोखर विश्वास होता. मी पेढा नाकारला. मग उचलला. पेढ्याने काय केलं होतं?

त्यानंतरही ते नदीवर्ग घेत राहिले, होड्या सोडत राहिले. मी मात्र सोबत जायचं बंद केलं. ऐंशीचं दशक संपत आलं तसा नदीचाही रंग बदलला, वरच्या अंगाला इमारती उठल्या, पाण्याला वास यायला लागला. त्यांच्या चित्रांत काही फरक पडला नाही. त्यांच्या नदीला कधी वास नव्हताच.

शिक्षण पुरं झाल्यावर सुनंदाने ते म्हशींचं चित्र फ्रेम करून शाळेला दिलं. स्टाफरूमबाहेरच्या व्हरांड्यात लावलं होतं. शेजारी बांधकाम चाललेलं, त्यामुळे कितीही पुसली तरी काचेवर धुळीचा थर बसायचाच.

चिंदरकरांचा निरोपसमारंभ झाला तो दिवस. हार, शाल, श्रीफळ. त्यांनी लांबलचक भाषण केलं. ‘नदीने मला घडवलं,’ असं म्हणाले तेव्हा मी खाली मान घालून पर्सचा बंद उघडत आणि लावत बसले. कार्यक्रम संपला, सगळे खाली वेफर्स आणि बटाटेवडे खायला गेले. माझा चष्मा स्टाफरूममध्ये राहिला म्हणून मी वर गेले, आणि जिन्याच्या वळणावर थांबले.

व्हरांड्यात चिंदरकर एकटेच होते. शाल खांद्यावरून घसरलेली, नारळ काखेत. ते त्या चित्रासमोर उभे होते. मान किंचित कलती, वर्गात असायची तशी. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग उजव्या हाताचं बोट वर केलं आणि काचेवरच्या धुळीत, खालच्या डाव्या कोपऱ्यात, तीन फटकारे ओढले. शीड. कमान. आणि खाली थरथरतं प्रतिबिंब.

मग ते मागे सरले. बरोबर दोन पावलं. तिथे उभे राहून बराच वेळ बघत होते. बोट धुळीने काळं झालं होतं. नळ चार हातांवर होता, पण ते तिकडे गेले नाहीत. तसंच ते बोट जरा लांब धरून, दुसऱ्या बाजूच्या जिन्याने उतरून गेले. मी त्यांना त्यानंतर पाहिलं नाही.

मी काचेपाशी गेले. होडी अप्रतिम होती. म्हाताऱ्या बोटाने, धुळीत, एका दमात काढलेली. नेमकी त्या फिसकटलेल्या म्हशीवर ती येऊन टेकली होती. काचेआड बाकीच्या म्हशी डोळे वर करून तिच्याकडे बघतायत असं वाटत होतं.

खालून मला कोणीतरी हाक मारत होतं. मी पदराचं टोक हातात घेतलं आणि काच पुसून टाकली.